रंगीत काचेच्या छंदासाठी विजेची करवत : कोणती घ्यावी?

निळाई

तांब्याच्या पट्टीच्या पद्धतीनं (तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ते सोल्डरनं जोडायचे) रंगीत काचेची पॅनेलं करते. कटर, दोन-तीन पकडी आणि ग्राइंडर एवढ्यावर आजवर निभावलं. सध्या हातात घेतलेलं चित्र मात्र वेगळं आहे. मधोमध मासा आणि त्याच्याभोवती वर चढत गेलेल्या पाणवनस्पतींच्या लांब, वळत्या पात्या. मासा सोपा आहे. त्या पात्यांच्या मधली पार्श्वभूमीची काच अवघड आहे. तिचे तुकडे दोन्ही बाजूंनी आत घुसतात आणि मध्ये बोटभर रुंदीची मान उरते. नुसती रेघ मारून ते सुटतील असं वाटत नाही. ग्राइंडरवर घासून आकार काढायचा तर बिटही झिजेल आणि मनगटंही.

म्हणून विजेची करवत घेण्याचा विचार आहे. बँड सॉ, रिंग सॉ, वायर सॉ अशी नावं सापडली. विक्रेत्यांचं ऐकावं तर प्रत्येक करवत सगळंच कापते. माझं काम छंदापुरतं, घरातली एक खोली, रोजचा वापर नाही. ज्यांनी प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी कृपया सांगावं की फरक नेमका कुठे पडतो. आणि घरी आणल्यावर कशाचा त्रास होतो, जो माहितीपत्रकात लिहिलेला नसतो?

तावदान

निळाई, चांगला विषय काढलात. मी आधी बँड सॉ वापरायचो, आता रिंग सॉ वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्याच काचकरवतींना लागू होणारी गोष्ट आधी सांगतो. यांच्या पात्याला दात नसतात. निकेलच्या मुलाम्यात हिऱ्याचे बारीक कण धरून ठेवलेले असतात आणि ते काच घासत, झिजवत पुढे जातात. त्यामुळे पाणी सतत लागतं. ते उष्णता काढून नेतं आणि कापातली पूड धुऊन टाकतं. कोरडं चालवलं तर काच तापून तडकते आणि पात्यावरचा हिरा जातो. कुठलीही करवत बघताना मी पहिल्यांदा पाणी पात्यापर्यंत कसं पोचतं ते बघतो. टाकीतून पातं बुडून येतं, की स्पंज आहे, की नळी? स्पंज असेल तर तो सहज काढून धुता येतो का?

बँड सॉचं पातं म्हणजे चाकांवरून फिरणारी लांब, अखंड पट्टी. ती समोर कापते. वळायचं असेल तर आपण काच फिरवायची. किती आवळ वळण घेता येईल हे पट्टीच्या रुंदीवर ठरतं. त्यापेक्षा आवळ वळण घ्यायला गेलं की पट्टी पिळवटते, आणि तुटली तर बहुतेक वेळा सांध्यावर तुटते. पण लांब, सौम्य वळणं आणि जाड काच यांना ती उत्तम. कापही बारीक येतो. ग्रिफनच्या छोट्या बँड सॉ मेजावर मावतात आणि पाती बदलायला सोप्या असतात.

रिंग सॉमध्ये पातं बांगडीसारखं गोल असतं, उभं फिरतं, आणि नेहमीच्या पात्यावर हिरा सर्व बाजूंनी असतो. त्यामुळे पुढे, मागे, आडवं, कुठेही सरकवा, ते कापतं. एखाद्या खोबणीत शिरून काच न फिरवता तसंच बाजूला जाता येतं. तुम्ही सांगितलेल्या आकारांसाठी हीच. जेमिनी कंपनीची टॉरस 3 या प्रकारात चांगलीच ओळखीची आहे.

रिंग सॉची पहिली अडचण म्हणजे कड्याच्या पोटात मावेल तेवढंच खोल जाता येतं, म्हणून काचेचा मोठा ताव आधी हातानं तोडून आटोपशीर करून घ्यावा लागतो. दुसरी म्हणजे कडं धरून ठेवणारे आणि फिरवणारे रबरी भाग झिजतात. ते सुटे मिळतात का आणि स्वतःला बदलता येतात का, हे घेण्याआधी विचारा. तिसरी म्हणजे कापाची रुंदी. साधारण दीड मिलिमीटर काच पुडीत जाते.

वायर सॉमध्ये हिऱ्याची तार असते. तीही कुठल्याही दिशेनं कापते, पण सावकाश. फार नाजूक जाळीकाम करणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

चिमटा

करवत घेऊ नका असं म्हणत नाही. पण हातानं काय होतं हे आधी नीट पाहून घ्या, म्हणजे करवतीवर किती अवलंबून राहायचं ते कळेल.

खोल आतलं वळण एका रेघेत तोडायला गेलं की तडा सरळ वाट धरतो आणि तुकडा दोन होतो. म्हणून आधी शेवटची रेघ, म्हणजे खरा आकार, मारून ठेवायचा आणि तिला हात लावायचा नाही. मग काठापासून सुरुवात करून उथळ चंद्रकोरीसारख्या रेघा एकामागून एक, आतल्या रेघेपर्यंत. सगळ्यात बाहेरची कोर पकडीनं हलकेच खाली दाबत काढायची, मग पुढची. प्रत्येक कोरीला तुटून जायला मोकळी जागा मिळते. शेवटच्या रेघेवर जी दातेरी कड उरते ती कुरतडायच्या पकडीनं टिपायची आणि ग्राइंडरवर एक हात फिरवायचा. साध्या 3 मिलिमीटर काचेत अर्धवर्तुळापर्यंत हे व्यवस्थित होतं. वळण त्याहून खोल असेल किंवा खोबण बोटापेक्षा अरुंद असेल, तर मात्र करवतच.

ग्राइंडरला 6 मिलिमीटरचं बारीक बिट लावता येतं. करवत आणल्यावर पुष्कळ जणांना त्याचा विसर पडतो. आवळ कोपऱ्यांना मी अजूनही तेच वापरते.

नवखा_हात

मधेच विचारतो. घरी लाकडाची जिगसॉ आहे. तिला हिऱ्याचं पातं लावून, वरून पाण्याची बाटली धरून चालणार नाही का? किंवा अँगल ग्राइंडरला हिऱ्याची चकती लावून?

वीजजोड

नवखा_हात, नको. कळकळीनं सांगतो.

जिगसॉ वरखाली धक्के देते. काचेला घासणं चालतं, धक्का चालत नाही. 3 मिलिमीटरची काच वरच्या ओढीबरोबर उचलली जाते आणि आपटून फुटते. शिवाय त्या हत्याराची मोटर पाण्यासाठी बंदिस्त केलेली नसते. एका हातात चालू हत्यार आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, हे विजेच्या दृष्टीनं फार धोकादायक आहे. अँगल ग्राइंडरची चकती प्रचंड वेगानं फिरते. तिच्यानं जाड फरशी सरळ कापता येते. रंगीत काचेत ती टवके उडवत जाते, आणि वळण तर घेताच येत नाही.

फरशी कापायची पाण्याची टेबल-करवत असते, तिला अखंड कडेची बारीक चकती लावून काचेच्या सरळ पट्ट्या नीट कापता येतात. पण सरळ पट्ट्या कटरनंही निघतात, त्यामुळे तेवढ्यासाठी तिची गरज नाही.

निळाईताई, आता तुमच्यासाठी. काचकरवत म्हणजे वीज आणि पाणी शेजारी शेजारी. ज्या सॉकेटवर ती चालवाल त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच असलाच पाहिजे, आणि त्याचं चाचणी-बटण अधूनमधून दाबून बघा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी सॉकेटच्या खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळात थेंबथेंब खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. पायाखाली कोरडं रबरी पायपुसणं. पातं बदलताना आणि टाकी साफ करताना प्लग काढून हाताशी ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

या करवतींपैकी बऱ्याच 110 ते 120 व्होल्टसाठी बनतात. तुमच्याकडे 230 व्होल्ट असतील तर त्याच व्होल्टेजचं मॉडेल मागा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण फ्रीक्वेन्सी बदलत नाही. 60 हर्ट्झसाठी बनलेली इंडक्शन मोटर 50 हर्ट्झवर सुमारे सहाव्या हिश्शानं हळू फिरते आणि जास्त तापते. मोटरवरच्या पट्टीवर 50/60 लिहिलं आहे का ते वाचूनच पैसे द्या.

शिसेरेघ

करवतींची चर्चा छान चालली आहे, पण मला चित्राबद्दल बोलायचं आहे, कारण निळाईंचा खरा प्रश्न तिथे आहे असं वाटतं.

बोटभर मान असलेला तुकडा करवत कापून देईल, यात शंका नाही. पण कापून झालेला तुकडा पुढे टिकेल का? आत घुसलेल्या टोकाशी काचेतला सगळा ताण एकवटतो. सोल्डर करताना एक बाजू तापते, दुसरी थंड असते, आणि तडा नेमका मानेतून जातो. तिथून वाचलं तर पॅनेल उचलताना, टांगताना, दार आपटल्यावर. आणि तडा गेलेला मधला तुकडा बदलणं किती किचकट असतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शार्त्र्‌च्या कॅथेड्रलमधल्या (फ्रान्स) खिडक्या 12व्या-13व्या शतकातल्या. त्या काळी चाकाचा कटर नव्हता. तापलेलं लोखंड टेकवून काच तडकवायची आणि खाचेच्या लोखंडी हत्यारानं कडा कुरतडत आकाराला आणायची. त्या कारागिरांनी शिशाच्या रेघा, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या, कुठे टाकल्या आहेत ते पाहा. जिथे काच आपणहून तुटली असती तिथेच बहुतेकदा रेघ आहे, आणि तरीही ती वस्त्राची घडी किंवा खांद्याची कड म्हणून चित्रात सामावलेली आहे. काचेचा कमकुवतपणा त्यांनी आधीच रेखाटनात धरला.

तुमच्या पात्या वळत्या आहेत. मानेतून एक बारीक कोवळी पाती नेली तर तुकड्याचे दोन होतील, चित्राला काही होणार नाही, आणि कदाचित करवतच लागणार नाही.

तावदान

> कापून झालेला तुकडा पुढे टिकेल का?

शिसेरेघ, मुद्दा बरोबर आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता असं कोणी म्हटलं तर मान्य. पण थोडी वेगळी बाजूही मांडतो. खिडकीत बसवायचं मोठं पॅनेल आणि घरात टांगायचं हातभर पॅनेल यांच्यावरचा ताण सारखा नसतो. वारा नाही, स्वतःचं वजन कमी. अशा पॅनेलमध्ये खोल वळणाचे तुकडे मी वापरले आहेत आणि ते टिकले आहेत. अट एवढीच की आतलं टोक टोकदार ठेवायचं नाही. करवत थांबली तिथे कोपरा सोडून न देता ग्राइंडरनं गोल करून घ्यायचा. कडेला राहिलेला छोटासा टवका म्हणजे तड्याची सुरुवात, म्हणून कड बोटानं नव्हे, नखानं चाचपायची. नख अडलं की पुन्हा घासायचं. आणि सोल्डर करताना एकाच जागी सोल्डरिंगची तापलेली इस्त्री टेकवून बसायचं नाही, पुढे जाऊन परत यायचं.

निळाईंच्या चित्रात मानेतून पाती नेणं शक्य असेल तर मीही तेच करीन. काही चित्रांत मात्र अखंड काचच हवी असते. आभाळाचा किंवा पाण्याचा रंग एका तुकड्यात सलग वाहत असतो, तिथे रेघ आली की तो तुटतो. करवतीचं खरं काम तिथे आहे. दोन्ही बाजूंनी खडबडीत असलेल्या काचेत, घड्या पडलेल्या जाड काचेतही ती उपयोगी पडते, कारण त्यांवर कटरचं चाक सलग टेकतच नाही.

निळाई

शिसेरेघ, तुमचं वाचून कागद पुन्हा काढला. एका ठिकाणी पाती सहज बसली, चित्र उलट भरलं. दुसरी मान मात्र तशीच ठेवायची आहे. तिथे काचेत हिरव्यातून निळ्यात जाणारा ओघ आहे आणि त्यासाठीच तो ताव घेतला होता. म्हणजे करवत हवी, पण आता ती कशासाठी हवी हे मला नेमकं माहीत आहे.

रिंग सॉकडे कल आहे. पाण्यात खुणा पुसल्या जातात असं ऐकलंय, त्यावर काय करता?

चिमटा

साधा मार्कर पाण्यात लगेच जातो. रंगाचा मार्कर घ्या, तो वाळू द्या, आणि रेघेवर पेट्रोलियम जेली किंवा ओठांना लावायच्या मलमाचा पातळ हात फिरवा. पाणी वरून निसटून जातं. मी कागदी साच्यावर पारदर्शक चिकट प्लास्टिक लावते, कापते, आणि तोच काचेवर चिकटवते. पुढे ग्राइंडरपर्यंत तो टिकतो. काच आधी साबणानं धुऊन कोरडी केलेली असावी, नाहीतर कड सुटते आणि खाली गाळ शिरतो.

ओलसर

त्रासाबद्दल विचारलंत, तर त्रास म्हणजे गाळ. पाणी काही वेळातच दुधासारखं पांढरं होतं, पातं कुठे आहे हेही नीट दिसेनासं होतं. तो गाळ काचेचं पीठ असतो. मोरीत ओतू नका, नळात बसून दगडासारखा होतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं पाणी निथळून काढा, खालचा चोथा जुन्या कागदात बांधून कचऱ्यात. टाकी दरवेळी रिकामी करून पुसा. गाळ वाळला की रबरी भागांमध्ये घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी कडं अडखळत फिरतं. वापरलेल्या करवती विकायला येतात त्यांतल्या कित्येक केवळ या कारणानं बिघडलेल्या असतात.

आणि मेजावर उडालेले थेंब ओल्या फडक्यानंच पुसायचे. वाळू दिले, झाडले, की पूड हवेत. काचेतली सिलिका खाणीतल्या धुळीसारखी स्फटिकरूप नसते, तेवढा धोका कमी, पण छातीत जाऊ द्यायची वस्तू ती नव्हेच. शिवाय लाल, नारिंगी, पिवळ्या काचांमध्ये पुष्कळदा कॅडमियम आणि सेलेनियम असतं, काही काचांत शिसंही. स्वयंपाकघरात हे काम करू नका. लहान मुलं असतील तर खोलीला कडी. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा, अंगावर प्लास्टिकचा एप्रन, कानांना संरक्षण. बाह्या कोपराच्या वर, केस बांधलेले. हातांत सैल हातमोजे असतील तर ते काढूनच करवतीपाशी या, फिरत्या भागात अडकतात.

भट्टीवाली

माझं काम काच भट्टीत वितळवून जोडण्याचं, म्हणून एक जोड देते. करवतीनं कापलेली कड भट्टीत जाणार असेल तर ती ओली असतानाच ब्रशनं घासून धुवा. गाळ एकदा वाळला की तो सूक्ष्म खड्ड्यांत बसतो आणि भट्टीतून निघाल्यावर कडेला पांढुरकी रेघ दिसते. तांब्याची पट्टी लावणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण पूड राहिली तर पट्टीचा गोंद धरत नाही.

आरसा कापणार असाल तर मागच्या मुलाम्याला चिकटपट्टी लावा. मेजावरच्या पुडीवरून सरकताना त्याला ओरखडे पडतात. आणि टेम्पर्ड (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) काच कुठल्याही करवतीवर घेऊ नका, तिला काप लागला की पूर्ण काचेचा चुरा होतो.

नवखा_हात

वापरलेली करवत घ्यायची असेल तर काय बघायचं?

ओलसर

रिकामी चालवून ऐका. एकसारखा आवाज हवा. थडथड येत असेल तर कडं वाकडं आहे किंवा त्याला जागेवर धरणारे गाइड झिजले आहेत. मग पाणी घालून थोडी काच कापायला सांगा, मालक तयार नसेल तर सोडून द्या. खालचं झाकण उघडून गंज आणि पाण्याचे डाग मोटरच्या दिशेनं गेले आहेत का ते पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलची पाती आज मिळतात का? माझ्या एका मित्रानं सुस्थितीतली करवत घेतली आणि नंतर कळलं की त्या मॉडेलचं कडं बनवणं बंद झालंय. मोटर ठणठणीत आहे, करवत माळ्यावर आहे.

तावदान

निळाई, घेतल्यावर पहिला काप भारी काचेवर नको. साध्या पारदर्शक काचेवर तुमची मान कापून बघा.

काच दोन्ही हातांच्या तळव्यांनी मेजावर सपाट दाबून धरायची, बोटं पात्याच्या रेषेत नाहीत याची खात्री करायची, आणि पुढे ढकलायचं ते अगदी हलकं. पात्याला जेवढं खायचं असेल तेवढंच खाऊ द्या. पाणी पांढरं आणि सलग वाहतंय, आवाज एका सुरात आहे, म्हणजे वेग बरोबर. आवाज उतरला की तुम्ही रेटताय. रेटलं की खालच्या बाजूनं टवके उडतात, वरून ते दिसतही नाहीत. काप संपायला आला की आणखी हळू, कारण शेवटचा दोरा आपल्याच वजनानं तुटतो आणि कोपरा घेऊन जातो. कापून झालेल्या भागालाही खालून आधार हवा.

बऱ्याच कापांनंतर पातं घसरायला लागलं, जोर लावावासा वाटू लागला, तर लगेच नवं घेऊ नका. धार लावायचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड मिळतो, तो पाणी चालू ठेवून काचेसारखाच कापायचा. हिऱ्याच्या कणांमध्ये अडकलेला थर निघतो, कण पुन्हा उघडे पडतात. त्यानंतरही चावत नसेल तर मग पातं संपलं.

निळाई

हे सगळं छापून भिंतीवर लावते आहे. शेवटची एक शंका. तांब्याच्या पट्टीसाठीची साचा कापायची कात्री दोन तुकड्यांमध्ये साधारण 0.8 मिलिमीटर जागा सोडते. करवतीचा काप दीड मिलिमीटर. मग एकाच तावातून शेजारचे दोन तुकडे, रंगाचा ओघ जुळवून, काढायचे तर मेळ कसा घालायचा?

तावदान

पातं रेघेच्या मधोमध न्यायचं नाही. दोन साचे तावावर मांडताना मध्ये दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवा आणि दोन्ही वेळा टाकाऊ बाजूनं, रेघेच्या बाहेरून कापा. रेघेचा रंग तुकड्यावर राहिला पाहिजे, तो ग्राइंडरवर काढायचा. रंगाच्या ओघात दोन मिलिमीटरची तूट डोळ्याला कळत नाही, वर सोल्डरची रेघ येतेच. शिशाच्या पट्टीत काम असतं तर हा प्रश्नच आला नसता, तिचा मधला कणा साधारण 1.6 मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास करवतीच्या कापाएवढाच.

किंवा त्या दोघांमधली सीमा सौम्य असेल तर ती कटरनं तोडा, तिथे काचेचा कणही जात नाही, आणि फक्त मानेची खोबण करवतीवर काढा. खोबण आधी, तोड नंतर. ताव मोठा असताना हातात घट्ट बसतो, लहान तुकडा पाण्यात निसटतो. मात्र कड्याच्या पोटात मावेल एवढा ताव आधी छाटून घ्या.

निळाई

खोबण आधी, तोड नंतर, हे पटलं. आधी साध्या काचेवर करून बघते आणि मान टिकली की फोटो इथेच टाकते.